सोयाबीनची बीजप्रक्रिया : पहिल्या तीन आठवड्यांचे संरक्षण

सोयाबीनच्या दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिने आणि १८ ते २० टक्के तेल असते. बाजारात दाण्याला ज्यामुळे मोल येते, त्याच गोष्टी बियाणे म्हणून त्याला नाजूक करतात. तेलातील असंतृप्त मेदाम्लांचे साठवणुकीत हळूहळू ऑक्सिडीकरण होत राहते आणि त्याबरोबर अंकुराच्या पेशींची आवरणेही बिघडत जातात. ऑक्टोबरात मळलेले बी जूनच्या पेरणीपर्यंत जेमतेम तग धरते. त्यापुढच्या हंगामासाठी ते ठेवण्यात अर्थ नसतो. शिवाय दाण्याचे टरफल पातळ, आणि ज्यातून पुढे सोटमूळ फुटते ते आदिमूळ या टरफलाच्या अगदी लगत, जवळजवळ उघड्यावरच असते. मळणीयंत्राचा वेग मिनिटाला ४०० फेऱ्यांच्या पुढे गेला, पोते ट्रॉलीतून आपटले, थप्पीवर थप्पी चढली, की दाणा वरून धडधाकट दिसतो पण आतला अंकुर दुखावलेला असतो. बुरशीला शिरकाव करायला टरफलावरची केसाएवढी चीर पुरते.

जमिनीत पडल्यावर हे बी आपल्या वजनाच्या जवळपास निम्मे पाणी शोषून घेते आणि फुगते. फुगताना दुखावलेल्या पेशींतून साखर आणि अमिनो आम्ले भोवतालच्या मातीत पाझरतात. जमिनीत सुप्त पडून असलेल्या बुरश्यांना जागे करणारा इशारा तो हाच. पुढे दोन्ही दले मातीचा थर फोडून वर यावी लागतात. हरभऱ्याची दले जमिनीतच राहतात आणि फक्त कोंब वर येतो. सोयाबीनला मात्र सगळा भार डोक्यावर घेऊन वर यावे लागते. पेरणी पाच सेंटिमीटरपेक्षा खोल गेली, किंवा पावसाच्या माऱ्याने पापुद्रा धरला, तर हा प्रवास लांबतो आणि तितके दिवस रोप बुरशीच्या तोंडी राहते.

बीजप्रक्रियेचे, म्हणजे पेरणीआधी बियाण्याला औषध आणि जिवाणू लावण्याचे, महत्त्व समजायला एक साधा हिशेब उपयोगी पडतो. महाराष्ट्रात हेक्टरी ७५ किलो, म्हणजे एकरी ३० किलो बियाणे पेरण्याची शिफारस आहे. शंभर दाण्यांचे वजन १२ ग्रॅम धरले तर एका किलोत सुमारे ८,३०० दाणे येतात आणि ७५ किलोंत सव्वासहा लाख. दोन ओळींत ४५ सेंटिमीटर व दोन रोपांत ५ सेंटिमीटर अंतर ठेवले, तर हेक्टरी सुमारे ४ लाख ४४ हजार रोपे हवीत. प्रमाणित बियाण्याची किमान उगवणक्षमता ७० टक्के ठरलेली आहे, आणि सव्वासहा लाखांचे ७० टक्के म्हणजे ४ लाख ३७ हजार. याचा अर्थ, शिफारशीतील बियाण्याचे प्रमाण किमान दर्जाच्या बियाण्यासाठी अगदी काठोकाठ मोजलेले आहे. उगवणक्षमता मोजली जाते ती प्रयोगशाळेत, पाणी आणि तापमान दोन्ही मनासारखे असताना. शेतात बुरशी, खोडमाशी, उघडीप यांनी जे दाणे आणि जी रोपे जातील त्यांच्यासाठी या हिशेबात शिल्लक जवळपास काहीच नाही. ही गळती रोखणे एवढेच बीजप्रक्रियेचे काम आहे.

एवढेच, हा शब्द येथे जाणूनबुजून वापरला आहे. बीजप्रक्रियेने उगवण वाढते असे सर्रास म्हटले जाते. खरे पाहता जिवंत दाण्याला ती सांभाळते, मेलेल्या दाण्याला उठवत नाही. २०२० च्या खरिपात मराठवाडा-विदर्भातून सोयाबीन उगवलेच नाही अशा हजारो तक्रारी आल्या, दुबार पेरणीची पाळी आली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने या प्रकरणाची दखल घेतली. आदल्या वर्षी काढणीच्या दिवसांत झालेल्या पावसाने बियाण्याची प्रत मुळातच खालावली होती. भिजलेल्या शेंगांत अंकुर अर्धा मेलेला होता. त्यावर कितीही महागडे औषध चोळले असते तरी फार फरक पडला नसता. म्हणून बीजप्रक्रियेच्या आधी उगवणचाचणी हवी. ओल्या गोणपाटाच्या तुकड्यावर दहा-दहाच्या ओळींत शंभर दाणे मांडायचे, गोणपाटाची गुंडाळी करून सावलीत ठेवायची, वर अधूनमधून पाणी शिंपडायचे आणि सातआठ दिवसांनी धड कोंब मोजायचे. सत्तरच्या वर आले तर नेहमीचे प्रमाण. त्याखाली असतील तर घटीच्या प्रमाणात बियाणे वाढवायचे. फारच खाली असतील तर ते पोते बियाणे नसून धान्य आहे हे मान्य करायचे.

उगवत्या सोयाबीनचे शत्रू दोन वाटांनी येतात. काही बियाण्याबरोबरच शेतात जातात. शेंगावरील करप्याची कोलेटोट्रायकम ही बुरशी, दाण्यावर जांभळे डाग पाडणारी सर्कोस्पोरा, साठवणुकीत ओल राहिली की वाढणारी ॲस्परजिलस ही त्यांची उदाहरणे. काही आधीच मातीत ठाण मांडून असतात. पाणी साचलेल्या गार मातीत पिथियम बी कुजवते. उबदार आणि दमट मातीत स्क्लेरोशियम रोल्फ्साय रोपाच्या मानेवर, जमिनीलगत, पांढरी बुरशी धरते आणि तिच्यात मोहरीएवढ्या तपकिरी गाठी दिसू लागतात. शेतकरी याला मानकूज किंवा कॉलर रॉट म्हणतात. मॅक्रोफोमिना ही चारकोल रॉटची बुरशी मात्र उलट्या स्वभावाची आहे. पाऊस ताणला, जमीन तापली, की ती जोर करते. वाळलेल्या झाडाचे खोड नखाने सोलले तर सालीखाली कोळशाची पूड पसरल्यासारखे काळे ठिपके दिसतात. फ्युजारियम आणि रायझोक्टोनिया या बुरश्या मात्र ओल्या आणि तापल्या अशा दोन टोकांच्या मध्ये कुठेही सापडतात.

तांबेरा आणि पिवळा मोझॅक हे सोयाबीनचे दोन मोठे रोग या यादीत बसत नाहीत, आणि बीजप्रक्रियेच्या प्रचारात ही गोष्ट बऱ्याचदा निसटते. सांगली-कोल्हापूर पट्ट्यात त्रास देणारा तांबेरा वाऱ्यावरून येणाऱ्या बीजाणूंनी पसरतो. पेरणीच्या वेळी बियाण्याला लावलेल्या बुरशीनाशकाचा, पीक फुलोऱ्यावर आल्यानंतर येणाऱ्या तांबेऱ्यावर काही उपयोग नसतो. तेथे कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्राने दिलेल्या फुले अग्रणी आणि फुले संगम यांसारख्या तांबेऱ्याला तोंड देणाऱ्या वाणांनीच खरे काम केले. पिवळा मोझॅक विषाणूचा आहे आणि पांढरी माशी तो पसरवते. बियाण्याला लावलेले कीटकनाशक पहिले काही आठवडे माशीला दूर ठेवते, त्यापुढे नाही. २०२३ च्या सप्टेंबरात यवतमाळ, चंद्रपूर, नागपूर भागांत शेंगा भरत असताना सोयाबीन बघता बघता पिवळे पडून वाळले. त्यात मोझॅक आणि मूळकूज-खोडकूज दोन्हींचा हात होता. अशा उशिरा आलेल्या संकटाची उत्तरे वाण, पीकफेरपालट आणि निचरा यांत शोधावी लागतात.

बियाण्यावर काहीतरी संस्कार करून पेरण्याची कल्पना फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सीताध्यक्ष, म्हणजे सरकारी शेतीचा अधिकारी, याची कामे सांगताना बियाणे रात्री दवात आणि दिवसा उन्हात ठेवण्याचा विधी आला आहे. तृणधान्यांना सात रात्री आणि शेंगेत येणाऱ्या धान्यांना तीन ते पाच. त्यामागे रोगाची कल्पना नव्हती. ती युरोपात गव्हाच्या काणीवरून आली. फ्रान्सच्या मात्यू तिये यांनी १७५५ मध्ये काणीची काळी पूड निरोगी गव्हाला चोळून पेरली आणि ही पूडच रोग पसरवते हे दाखवले. १८०७ मध्ये बेनेदिक्त प्रेव्हो यांनी काणीचे बीजाणू मोरचुदाच्या पाण्यात रुजत नाहीत हे सिद्ध केले. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात जर्मनीतून पाऱ्याची सेंद्रिय संयुगे बियाण्यासाठी आली. ती इतकी परिणामकारक आणि स्वस्त होती की पन्नासएक वर्षे त्यांना स्पर्धकच नव्हता.

पाऱ्याच्या या प्रकरणाचा शेवट इराकमध्ये झाला. १९७१ च्या अखेरीस मिथाईल पाऱ्याची प्रक्रिया केलेले आयात गव्हाचे बियाणे तेथील खेड्यांत वाटले गेले. पेरणीचे दिवस अनेक ठिकाणी उलटून गेले होते. धोका कळावा म्हणून दाणे रंगवलेले होते आणि पोत्यांवर सूचना होत्या, पण त्या परक्या भाषेत. लोकांनी धान्य धुतले, रंग गेला तसे विषही गेले असे समजून त्याच्या भाकऱ्या केल्या. पारा दाण्यातच होता. रुग्णालयांत ६,५३० रुग्ण दाखल झाले आणि त्यांतील ४५९ दगावले. घरी मेलेल्यांची नोंद यात नाही. प्रक्रिया केलेल्या बियाण्याला भडक लाल, निळा किंवा हिरवा रंग असतो, तो या धोक्याची खूण म्हणूनच. उरलेले असे बी धुऊन खाणे, गुरांना चारणे किंवा आडतीवर नेऊन धान्यात मिसळणे यांपैकी काहीही चालत नाही.

पाऱ्याची जागा घेणारी रसायने तोवर आलेली होती. रबर उद्योगात वापरल्या जाणाऱ्या डायथायोकार्बामेट गटाच्या संयुगांचे बुरशीनाशक म्हणून पेटंट १९३४ चे. थायरम त्याच घराण्यातले. ते दाण्याच्या पृष्ठभागावर राहते, आत शिरत नाही. १९६६ मध्ये कार्बोक्सिन आले, आणि दाण्याच्या आत शिरून रोपाबरोबर वर चढणाऱ्या म्हणजे आंतरप्रवाही बुरशीनाशकांचा काळ सुरू झाला. बुरशीच्या पेशीतील श्वसनाची साखळी ते एका ठरावीक विकरापाशी तोडते. कार्बोक्सिन आणि थायरम यांची जोडी आजही किलोला ३ ग्रॅम या मात्रेने सोयाबीनला लावली जाते: एक आत जाणारे आणि एक बाहेर पहारा देणारे. त्याआधी बरीच वर्षे थायरम दोन भाग आणि कार्बेन्डाझिम एक भाग या मिश्रणाची शिफारस असे.

अलीकडे द्रवरूप तयार मिश्रणे आली आहेत. पेनफ्लुफेन आणि ट्रायफ्लॉक्सिस्ट्रोबिन किलोला १ मिलिलिटर, थायोफॅनेट मिथाईल आणि पायराक्लोस्ट्रोबिन किलोला २ मिलिलिटर, ही त्यांतील वापरातली नावे. ॲझॉक्सिस्ट्रोबिन, थायोफॅनेट मिथाईल आणि थायामेथोक्झाम असे दोन बुरशीनाशकांसह कीटकनाशक असलेले तिहेरी मिश्रण किलोला १० मिलिलिटर लागते. नावे वेगळी असली तरी घराणी मोजकीच आहेत, हे खरेदी करणाऱ्याला माहीत असलेले बरे. थायोफॅनेट मिथाईल वनस्पतीत गेल्यावर कार्बेन्डाझिममध्येच बदलते, तेव्हा कार्बेन्डाझिम सोडून थायोफॅनेट घेणाऱ्याने फक्त डबा बदललेला असतो. पिथियम ही तर खरी बुरशीच नाही, ती ऊमायसीट गटातली. कार्बेन्डाझिम तिच्यावर चालत नाही. तिथे मेटॅलॅक्झिलसारखे औषध लागते. पाणी साचणाऱ्या शेतात बीजप्रक्रिया करूनही बी कुजले अशी तक्रार येते, तेव्हा औषध बनावट असण्यापेक्षा शत्रू दुसराच असण्याची शक्यता अधिक असते.

कीटकनाशकाची गरज खोडमाशीमुळे पडते. पहिली पाने उघडताच ती पानात अंडी घालते, अळी शिरेतून देठात आणि देठातून खोडात उतरते. रोप उभे चिरले तर मधोमध लालसर नागमोडी भुयार दिसते. थायामेथोक्झाम ३० टक्के एफएस किलोला १० मिलिलिटर किंवा इमिडाक्लोप्रिड ४८ टक्के एफएस किलोला १.२५ मिलिलिटर ही मात्रा या काळापुरती पुरेशी होते. या गटातील औषधांवरून जगभर वाद आहे. युरोपीय संघाने मधमाश्यांच्या कारणावरून २०१८ मध्ये यांतील तीन औषधांचा उघड्या शेतातला वापर बंद केला. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१४ मध्ये, तेथील सोयाबीनला अशा बीजप्रक्रियेचा बहुतेक परिस्थितींत नगण्य फायदा होतो, असा निष्कर्ष काढला. तो निष्कर्ष मराठवाड्याला जसाच्या तसा लावता येत नाही, कारण येथे पीक कोवळे असतानाच खोडमाशी हजर असते. पण दरवर्षी, प्रत्येक शेतात, डोळे झाकून लावायचे हे औषध नाही, इतका बोध त्यातून घेण्यासारखा आहे.

तिसरा घटक जिवाणूंचा. सोयाबीन मूळचे चीनचे. भारतात त्याची व्यापारी लागवड १९६० च्या दशकात जबलपूर आणि पंतनगरच्या कृषी विद्यापीठांनी अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या सहकार्याने रुजवली. पीक आले, पण त्याच्या मुळांवर गाठी करून हवेतील नत्र बांधणारा ब्रेडीरायझोबियम जॅपोनिकम हा जिवाणू येथील मातीत पुरेसा नव्हता. तो बियाण्याला चोळूनच द्यावा लागला. तुरीचे किंवा हरभऱ्याचे रायझोबियम सोयाबीनला चालत नाही. वर्षानुवर्षे सोयाबीन घेतलेल्या शेतात तो आता वस्ती करून आहे, तरी उन्हाळ्याच्या तापात त्याची संख्या घटते. म्हणून दर हंगामात २५० ग्रॅमचे एक पाकीट १० किलो बियाण्याला लावण्याची शिफारस कायम आहे.

या तिन्हींचा क्रम ठरलेला आहे: आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी जिवाणू. कारण साधे आहे. पहिली दोन्ही विषे आहेत आणि तिसरा जीव. थायरमसारख्या औषधाशी जिवाणूंचा संपर्क जितका लांबेल तितके ते मरत जातात. म्हणून रासायनिक औषधे पेरणीच्या काही दिवस आधी लावून बी सावलीत वाळवून ठेवता येते, पण जिवाणू संवर्धक मात्र पेरणीच्या दिवशीच, तिफण शेतात उतरण्याच्या तास-दोन तास आधी लावायचे. ज्याला ही धावपळ जमत नाही त्याने संवर्धक कुजलेल्या शेणखतात कालवून सरीत द्यावे. तिथे विषाचा संबंधच येत नाही. ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी किलोला १० ग्रॅम लावतात. तिचा आणि कार्बेन्डाझिमचा मेळ बसत नाही. दोन्ही एकाच घमेल्यात कालवणारा स्वतःच्या पैशाने घेतलेली ट्रायकोडर्मा स्वतःच मारतो.

सोयाबीनला बीजप्रक्रिया करताना सर्वांत मोठी चूक पाण्याची होते. गव्हाला किंवा ज्वारीला चालते तेवढे पाणी सोयाबीनला चालत नाही. ताडपत्रीवर दाणे पसरून वरून तांब्याने औषधाचे पाणी ओतले, की पाच-दहा मिनिटांत टरफल सुरकुतते, फुगते आणि हाताने चोळताना सालपट सुटून येते. दले उघडी पडलेला असा दाणा पेरण्यात अर्थ नाही. औषधाची पातळ पेस्ट करून ती थोडी थोडी टाकायची, आणि चोळण्याऐवजी दाणे खालीवर करायचे. बीजप्रक्रियेचा हाताने फिरवायचा ड्रम यासाठीच असतो. तो दोन-तृतीयांशापेक्षा अधिक भरला तर दाणे नीट फिरत नाहीत, काही लालभडक होतात आणि काही कोरेच राहतात. ड्रम नसेल तर जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत पाच-पाच किलो बी घेऊन तोंड बांधून हलवले तरी काम होते. संवर्धकासाठी गुळाचे पाणी करतात, तेही उकळून पूर्ण थंड झालेले आणि चिकटण्यापुरतेच. गरम पाण्यात जिवाणू जगत नाहीत. शेवटी बी सावलीत पातळ पसरायचे. उन्हात टाकले तर टरफल तडकते आणि जिवाणूही जातात.

किलोला ३ ग्रॅम म्हणजे दर दाण्यामागे ०.३६ मिलिग्रॅम. हेक्टरी हिशेब केला तर सगळे मिळून २२५ ग्रॅम औषध. रोगाच्या जागी नेमके पोहोचणारे आणि एकरभर मातीत न पसरणारे इतके थोडे रसायन, हा या पद्धतीचा खरा फायदा. पण तिच्या मर्यादेचा उगमही त्यातच आहे: ०.३६ मिलिग्रॅमचा साठा वाढत्या मुळाला किती दिवस पुरणार? साधारण दोन ते तीन आठवडे. तेवढ्यात रोपाला चार पाने येतात, खोड कठीण होते आणि रोप स्वतःच्या बळावर उभे राहते. काही कंपन्यांचे बियाणे प्रक्रिया करूनच येते. पिशवीवरचे लेबल न वाचता त्यावर पुन्हा औषध लावले तर कोंब आखूड आणि जाड होतो, मूळ थिटे राहते. हातमोजे आणि तोंडाला फडके हवेच. बऱ्याच घरांत हे काम बायकांकडे असते आणि उघड्या हातांनीच होते. फवारणीच्या विषबाधेची जितकी चर्चा झाली, त्याच्या दशांशानेही याची झालेली नाही.

सूत्रकृमींचा, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या सूक्ष्म कृमींचा, प्रश्न बुरशीहून अवघड आहे. डाळिंब किंवा टोमॅटो पिकवणाऱ्याला निमॅटोड चांगलाच ओळखीचा असतो. सोयाबीनवाल्याला तो असल्याची शंकाही येत नाही, कारण शेतात दिसतात ती फक्त खुरटलेल्या, फिकट झाडांची ठिगळे. त्यांना लोह किंवा नत्राची कमतरता समजून फवारे मारले जातात. भारतातील सोयाबीनमध्ये दोन गट महत्त्वाचे आहेत. मुळांवर गाठी करणारी मेलॉयडोगायनी, जी हलक्या, रेताड, निचऱ्याच्या जमिनीत अधिक आढळते. आणि रोटिलेंक्युलस रेनिफॉर्मिस, जिची मादी मूत्रपिंडाच्या आकाराची असते आणि जिला भारी पोताची जमीनही मानवते. मेलॉयडोगायनीची अर्ध्या मिलिमीटरहून लहान अळी मुळाच्या टोकातून आत शिरते, एका जागी बसून भोवतालच्या पेशी फुगवते आणि त्यांतून अन्न शोषत राहते. मादी चिकट आवरणात तीनशे-चारशे अंडी घालते. उबदार जमिनीत हे चक्र महिनाभरात पुरे होते, म्हणजे सोयाबीनच्या एका हंगामात तीन पिढ्या सहज होतात. शिवाय तिने पाडलेल्या जखमांतून मॅक्रोफोमिना आणि फ्युजारियम आत शिरतात. मर दिसते ती बुरशीची, वाट करून दिलेली असते सूत्रकृमीने.

मुळावरच्या गाठी पाहून घोटाळा होतो, कारण नत्राच्या गाठीही तिथेच असतात. पेरणीनंतर सहासात आठवड्यांनी खुरट्या ठिगळाच्या काठावरचे झाड खुरप्याने मातीसकट उकरावे आणि बादलीतल्या पाण्यात हलकेच धुवावे; उपटले तर बारीक मुळे जमिनीतच राहतात. नत्राची गाठ मुळाच्या कडेला चिकटलेली असते. अंगठ्याने ढकलली की सुटून येते, आणि फोडली तर आतून गुलाबी-लाल निघते. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच सुजलेले असते. ती वेगळी करायला गेले तर मूळ तुटते, आणि आतून ती पांढुरकीच निघते. रेनिफॉर्मिस मात्र गाठी करत नाही. तिच्या अंड्यांच्या आवरणाला मातीचे कण चिकटतात आणि धुतल्यावरही मूळ मळकट दिसत राहते.

अमेरिकेत सोयाबीनवरील सूत्रकृमी म्हटले की तिसरेच नाव पुढे येते: हेटेरोडेरा ग्लायसिनीस. पूर्व आशियात ती आधीपासून माहीत होती; अमेरिकेत १९५४ मध्ये नॉर्थ कॅरोलिनात सापडली आणि पुढे जवळजवळ सगळ्या सोयाबीन पट्ट्यात पसरली. मादी मरते तेव्हा तिचे लिंबाच्या आकाराचे शरीरच टणक कोष बनते आणि आतली अंडी मातीत दहा-दहा वर्षे जिवंत राहू शकतात. तेथील प्रतिकारक वाणांपैकी बहुतेकांचा प्रतिकार पीआय ८८७८८ या एकाच मूळ वाणातून आलेला आहे. वर्षानुवर्षे तोच प्रतिकार पेरला गेल्याने त्याला न जुमानणाऱ्या सूत्रकृमी वाढल्या. त्या पोकळीत सूत्रकृमीनाशक बीजप्रक्रियेचा बाजार उभा राहिला. जमिनीतील एका जिवाणूपासून मिळणारे ॲबामेक्टिन त्यात आहे. त्या शोधाच्या वाटेवरच्या कामासाठी सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ चे नोबेल मिळाले, ते अर्थात माणसांतील परजीवींवरच्या औषधासाठी. कार्बोक्सिनच्याच कार्यपद्धतीचे फ्लुओपायरॅम हे बुरशीनाशक सूत्रकृमींनाही लुळे करते असे आढळले आणि तेही बियाण्यावर आले. त्याने दलांच्या कडा तपकिरी होतात. पास्चुरिया निशिझावे हा जिवाणू तर थेट या सूत्रकृमीच्या अंगाला चिकटून तिला आतून पोखरतो.

हे सगळे असूनही अमेरिकी विद्यापीठांच्या शेतचाचण्यांत उत्पादनवाढ सातत्याने दिसलेली नाही. कुठे दिसते, कुठे मुळीच नाही. यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. बुरशीविरुद्धची लढाई दाण्याभोवतीच्या मूठभर मातीत आणि तीन आठवड्यांत संपते. सूत्रकृमी मात्र मुळाच्या नव्या टोकांना शोधत सगळा हंगाम शिरत राहतात, आणि मुळे औषधाच्या कक्षेबाहेर कधीच निघून गेलेली असतात. सुरुवातीचा हल्ला लांबला तर मूळ खोल जाते, एवढा फायदा खरा. शेतातली संख्या त्याने उतरत नाही. शिवाय ही उत्पादने एका विशिष्ट शत्रूसाठी बेतलेली आहेत. पास्चुरिया निशिझावे मेलॉयडोगायनीला शिवतही नाही. तिच्यावर जगणारा पास्चुरिया पेनेट्रान्स हा वेगळा आहे. अमेरिकेतील यशाच्या जाहिराती पाहून वाशीम-हिंगोलीत त्याच पुड्या मागवण्यात शहाणपण नाही.

भारतात सूत्रकृमींसाठी बियाण्याला ट्रायकोडर्मा, स्युडोमोनास फ्लुरोसन्स आणि पर्प्युरिओसिलियम लिलॅसिनम या जैविक घटकांचा वापर होतो. शेवटची बुरशी सूत्रकृमींची अंडी खाते. बियाण्यापुरती मात्रा दिल्यावर यांचे बळही मर्यादित असते. शेणखतात किंवा निंबोळी पेंडीत वाढवून पेरणीपूर्वी जमिनीत मिसळल्यास ते अधिक टिकतात. खरा आधार फेरपालटीचा. येथे विदर्भ-मराठवाड्याची एक अडचण आहे. सोयाबीन आणि कापूस ही फेरपालट, किंवा सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी, बाजाराच्या दृष्टीने चांगल्या. पण रेनिफॉर्मिसला कापूस, तूर आणि सोयाबीन तिन्ही चालतात. तिच्या दृष्टीने पीक बदललेलेच नसते. ज्वारी आणि मका तिला पोसत नाहीत. खरीप ज्वारी या पट्ट्यातून हद्दपार झाली तेव्हा भाकरी गेली, कडबा गेला, आणि जमिनीतल्या या किड्याला आडवे येणारे पीकही गेले.

सूत्रकृमीनाशक बीजप्रक्रियेवर खर्च करण्यापूर्वी जमिनीत काय आणि किती आहे हे तपासून घ्यावे. त्यासाठी पीक उभे असताना, माती ओलसर असतानाच, ठिगळांच्या काठावरील आठ-दहा झाडांच्या बुडाशी १५ ते २० सेंटिमीटर खोलीवरून माती घ्यावी, एकत्र कालवून त्यातली पाव किलो आणि थोडी बारीक मुळे प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधावे. ठिगळाच्या मधोमध मेलेल्या झाडाखालची माती घेऊ नये. अन्न संपले की सूत्रकृमी तिथून निघून गेलेल्या किंवा मेलेल्या असतात. नेहमीच्या माती परीक्षणासाठी नमुना वाळवून देतात, तसा हा वाळवायचा नसतो. वाळलेल्या किंवा गाडीच्या काचेमागे तापलेल्या मातीत मोजायला काही जिवंत उरत नाही. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात सूत्रकृमींवर काम चालते. जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रामार्फतही नमुना तपासणीला पाठवता येतो. अहवालात सूत्रकृमीची जात आणि मातीच्या ठरावीक प्रमाणातील संख्या असते, आणि पुढच्या जूनमध्ये त्या तुकड्यात सोयाबीन पेरायचे की ज्वारी, हे त्यावरून ठरवता येते.